सेव्हिंग आणि अव्हॉयडन्स: परचेसच्या या दोन आकड्यांची बेरीज करू नका

नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यात कंपन्यांच्या परचेसमध्ये, म्हणजे खरेदी विभागात, काम करणाऱ्या कुणालाही विचारा, मार्च जवळ आला की एक एक्सेल फिरायला लागते, यंदा परचेसने किती वाचवले. आणि दरवर्षी त्याच मीटिंगमध्ये फायनान्सवाले विचारतात, एवढे वाचवलेत तर पैसे आहेत कुठे? मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या दोन कंपन्यांत बरीच वर्षं परचेस केलंय, दोन्हीकडे हे भांडण बघितलंय. खोटं कुणीच बोलत नसतं, दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव दिलेलं असतं, बस.

साधा खोका घ्या, पॅकिंगचा कॉरुगेटेड बॉक्स. समजा गेल्या वर्षी 42 रुपयांना घेत होतो, वर्षाला 1 लाख खोके लागतात. यंदा दोन व्हेंडर, म्हणजे माल पुरवणारे, समोरासमोर बसवले, वर्षभराच्या ऑर्डरची खात्री दिली आणि भाव 39 वर आणला. 3 लाख वाचले. हे सेव्हिंग. गेल्या वर्षीचं बिल आणि यंदाचं बिल शेजारी ठेवलं की कुणालाही दिसतं, फायनान्स तेवढं बजेट कापू शकतं.

आता तोच खोका, तोच 42 चा भाव, पण खोक्याला लागणारा क्राफ्ट पेपर महागलाय आणि खोकेवाला म्हणतो 46 शिवाय परवडत नाही साहेब. तुम्ही त्याच्याकडे पेपर मिलची बिलं मागता, खोक्यात पेपर किती ग्रॅम जातो ते मोजता, प्रिंटिंगचा एक रंग कमी करता, आणि शेवटी 43 वर मिटतं. 46 झाले असते ते 43 झाले, म्हणजे इथेही 3 लाखच. पण हे अव्हॉयडन्स, टळलेला खर्च. कंपनीचं बिल कमी झालं नाही, उलट 1 लाखाने वाढलं. परचेसवाला छाती पुढे काढून 3 लाख सांगतो, फायनान्सवाल्याच्या लेजरमध्ये 1 लाख जास्त गेलेले असतात, आणि दोघंही बरोबर असतात.

म्हणून काही लोक म्हणतात की अव्हॉयडन्स म्हणजे हवेतला आकडा, मोजूच नका. मला हे अजिबात पटत नाही. दुसऱ्या खोक्याला मेहनत जास्त लागली होती. पण एक धोका खरा आहे, व्हेंडरला कळतं की समोरच्याला कमी करून दाखवायचंय, मग तो 44 पाहिजे असताना 48 मागतो, आपण 44 ला आणतो आणि चार रुपये टळले असं लिहितो. टळलं काहीच नाही. त्यामुळे माझा नियम असा की व्हेंडरने मागितलेला भाव कधीच बेसलाइन, म्हणजे तुलनेचा मूळ भाव, धरायचा नाही, बाहेरचा पुरावा धरायचा. तांबं-ॲल्युमिनियम असेल तर लंडन मेटल एक्सचेंजचा भाव, बाकी बऱ्याच मालासाठी सरकारचा घाऊक किंमत निर्देशांक दर महिन्याला येतोच. कच्चा माल 6 टक्के वाढला आणि तो तयार मालाच्या किमतीचा अर्धा भाग असेल, तर 3 टक्के वाढ रास्त, त्याखाली जे आणलं तेच तुमचं अव्हॉयडन्स.

हा फरक सगळ्यात जास्त नडतो तो डिपार्टमेंटसाठी पैसे मागताना. ई-ऑक्शनचं, म्हणजे व्हेंडरकडून ऑनलाइन बोली घेण्याचं, सॉफ्टवेअर घ्यायचंय, खर्चाचा डेटा साफ करायचाय, याचा परतावा सेव्हिंगमध्ये दाखवता येतो, मॅनेजमेंट पटकन हो म्हणते. पण दुसरा व्हेंडर तयार करणं, सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडचणीसाठी जास्तीचा साठा, ठेवणं, मार्केटवर लक्ष ठेवायला एक माणूस बसवणं, हे सगळं अव्हॉयडन्सच्या खात्यातलं, आणि फक्त सेव्हिंग मोजणाऱ्या कंपनीत याला कधी पैसे मिळत नाहीत. आमच्याकडे गळती रोखणारं एक सील युरोपातून यायचं, किंमत फुटकळ, पण ते नसेल तर प्रॉडक्शन लाइन बंद. सल्लागार पीटर क्राल्जिक यांनी 1983 मध्ये मालाची जी चार खणांत विभागणी मांडली ना, पुरवठ्याची जोखीम एका बाजूला आणि नफ्यावरचा परिणाम दुसऱ्या बाजूला, त्यातला हा बॉटलनेकचा खण, म्हणजे जोखीम मोठी पण नफ्यावर परिणाम थोडा, इथे भाव पाडायला जाणं म्हणजे वेळ वाया घालवणं. आम्ही भारतातला दुसरा व्हेंडर डेव्हलप केला, सॅम्पल, लॅब टेस्टिंग, ट्रायल लॉट धरून 6 लाखांच्या आसपास गेले आणि वर त्याचा भाव 4 टक्के जास्त. त्या वर्षीच्या शीटमध्ये आमचं सेव्हिंग चक्क मायनसमध्ये होतं आणि मला त्याबद्दल बरंच ऐकून घ्यावं लागलं.

मग 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, युरोपची जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून यायला लागली, न्हावा शेवाला माल दीड-दोन आठवडे उशिरा. आमची लाइन दुसऱ्या व्हेंडरच्या सीलवर चालू राहिली. त्या आठवड्यात मी मुद्दाम युरोपातलं सील विमानाने आणायचं तर किती लागेल त्याचं, म्हणजे एअर फ्रेटचं, कोटेशन मागवून ठेवलं, प्रॉडक्शनकडून लाइन एक दिवस थांबली तर किती जातात ते लेखी घेतलं, कारण टळलेल्या खर्चाचा कागद त्याच दिवशी केला नाही तर सहा महिन्यांनी कुणी विश्वास ठेवत नाही.

अजून एक, पेमेंट 45 दिवसांवरून 90 वर नेलं की काही जण तेही सेव्हिंगमध्ये टाकतात. ते यातलं काहीच नाही, ते फक्त व्हेंडरचे पैसे वापरणं आहे. आणि तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, वागळे इस्टेटमधली कितीतरी वर्कशॉप्स तशीच आहेत, तर छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्याने करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे जाताच येत नाही, उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. 2023 च्या फायनान्स ॲक्टने 1961 च्या आयकर कायद्यात आलेल्या 43बी(एच) कलमामुळे तर मुदतीत न दिलेल्या पैशाची करातली वजावट त्या वर्षी मिळेना, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळायला लागली. मला विचाराल तर कायदा नसता तरी छोट्या माणसाचे पैसे अडकवू नयेत.

आमच्या शीटमध्ये आता दोन कॉलम आहेत आणि खाली टोटल मुद्दाम ठेवलेली नाही. सेव्हिंगच्या कॉलमवर फायनान्सची सही लागते, अव्हॉयडन्सच्या प्रत्येक ओळीला पुरावा जोडावा लागतो. बेसलाइन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फायनान्ससोबत बसूनच ठरते, नंतर नाही. त्या खोक्यासमोर त्यांनी 43 लिहिलंय, 46 नाही.