कॉपचा नियम की गटांची बेरीज? हेक्झेनची सीपी काढून बघू

खानदेशात कपाशी आहे म्हणून सरकी आहे, आणि ढेपेत उरलेलं तेल काढायचं तर हेक्झेन हे सॉल्व्हंट, म्हणजे तेल विरघळवून घेणारा द्रव, लागतं. ते तापवायला हीटर केवढा हवा, हे ठरवताना पहिला आकडा लागतो सीपीचा, म्हणजे उष्माधारकतेचा: तापमान एका अंशाने वाढवायला किती उष्णता लागते त्याचा. हेक्झेनचा आकडा तक्त्यात मिळतो: २५ अंशांना मोलमागे सुमारे १९६ जूल प्रति अंश. नव्या सॉल्व्हंटचा मिळेलच असं नाही. मग अंदाज करायच्या दोन पद्धती पुढे येतात. दोन्हींत रेणूचे तुकडे पाडून बेरीजच करायची, म्हणून परीक्षेत पोरं एकीच्या जागी दुसरी लिहून येतात.

कॉपच्या नियमात अणू मोजायचे. द्रवासाठी कार्बनला १२, हायड्रोजनला १८, ऑक्सिजनला २५. हेक्झेनमध्ये सहा कार्बन, चौदा हायड्रोजन, बेरीज ३२४. खऱ्या आकड्याच्या दीडपटीहून जास्त! शिवाय इथेनॉल आणि डायमिथिल ईथर यांतले अणू तेच, त्यामुळे दोघांना उत्तरही एकच.

च्यूह आणि स्वॉन्सन यांच्या १९७३ च्या पद्धतीत अणूऐवजी गट मोजतात. मिथिलला (CH₃) ३६.८, मिथिलिनला (CH₂) ३०.४, अल्कोहोलच्या ओएचला ४४.८. हेक्झेनमध्ये दोन मिथिल आणि चार मिथिलिन, म्हणजे १९५. इथेनॉलचं ११२ येतं, तेही मोजलेल्या आकड्याला लागूनच. अणू कोणाशेजारी बसलाय याचा हिशेब गटातच धरलेला असतो.

‘आकडा जास्त आला तर काय बिघडलं, सेफ साइडच की,’ असं हमखास ऐकू येतं. हीटरपुरतं ते चालून जाईल. तासाला १००० किलो हेक्झेन ३० अंशांनी तापवायला जिथे सुमारे १९ किलोवॅट लागतात, तिथे कॉप ३१ सांगेल. फुकटचा खर्च, एवढंच. पण उष्णता सोडणाऱ्या रिॲक्टरमध्ये तोच आकडा उलटतो. कूलिंग बंद पडलं तर तापमान किती चढेल, हे काढताना सीपी भागाकारात खाली असते. खरी वाढ १०० अंशांची असेल, तर कागदावर ती जेमतेम ६० दिसेल.

एक मात्र लक्षात ठेवा, गटांचे हे आकडे २० अंशांचे आहेत. मे महिन्यात भुसावळ-जळगावला टाकीतलं हेक्झेन ४० च्या वर असतं आणि तापमानाबरोबर त्याची सीपीही वाढते. तिथे गटांचीच बेरीज करणारं, पण तापमानाचं पद असलेलं रुझिच्का-डोमाल्स्कीचं समीकरण घ्यावं.