पार्श्वभूमी : बर्फ घेऊन फिरणारा सोंगाड्या

सर्कशीत विदूषकाच्या वाट्याला बहुतेक वेळा दोन खेळांमधली फटच येते. झुले उतरतात, पिंजरे लागतात, तेवढी पाच मिनिटं लोकांना हसतं ठेवायचं. रशियाच्या स्लावा पोलुनिन यांनी याच पाच मिनिटांचा अख्ख्या संध्याकाळचा नाट्यप्रयोग केला. १९९३ मध्ये मॉस्कोत सुरू झालेला त्यांचा 'स्नोशो' पुढे जगभर फिरला. पण तो उभा राहिला तो आधीच्या पंचवीस वर्षांच्या कामावर.

पोलुनिन यांचा जन्म १२ जून १९५० चा, ओर्योल प्रांतातल्या नोवोसील या लहानशा गावातला. लहानपणी टीव्हीवर चॅप्लिनचा 'द किड' लागला होता. रात्र झाली म्हणून आईने तो मध्येच बंद केला आणि आपण सकाळपर्यंत रडत राहिलो, ही आठवण ते स्वतः सांगतात. पुढे इंजिनिअर होण्यासाठी ते लेनिनग्राडला (आजचं सेंट पीटर्सबर्ग) आले आणि रमले मूकाभिनयात. त्यांच्यासमोर चॅप्लिनच्या जोडीने फ्रेंच मूकनट मार्सेल मार्सो होता आणि लिओनिद येंगिबारोवही. येंगिबारोव हा सोव्हिएत सर्कशीतला उदास विदूषक. लोक त्याला हसायचे आणि हसताहसता गप्प व्हायचे. सर्कस सोडून त्याने स्वतःचं मूकनाट्य सुरू केलं, पण १९७२ मध्ये, अवघ्या ३७ व्या वर्षी तो गेला. पोलुनिन ज्या वाटेवर चालले, तिचा आरंभ मला तिथे दिसतो.

१९६८ मध्ये त्यांनी 'लित्सेदेई' हा गट काढला. हा नटासाठीचा जुना रशियन शब्द. आपल्याकडे 'सोंगाडे' म्हणावं तसा. देशभर नाव झालं ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, नववर्षाच्या टीव्ही कार्यक्रमामुळे. ढगळ पिवळा पोशाख, लाल मफलर, केसाळ लाल सपाता आणि हातात भलेमोठे फुगीर टेलिफोन. पोलुनिन यांनी उभं केलेलं हे विदूषकाचं सोंग, 'असिस्याय', दोन्ही बाजूंचं संभाषण एकटंच करायचं, तेही बोबड्या, अर्थ नसलेल्या आवाजांत. त्यातला एकच शब्द कळायचा : 'नीझ्या'. 'परवानगी नाही' या अर्थाच्या रशियन शब्दाचं ते लहान मुलाच्या तोंडचं रूप. सरकारी कचेऱ्यांत हा शब्द उठताबसता ऐकणाऱ्या देशात तो एका बावळ्याच्या तोंडून आला आणि लोकांनी उचलला.

पोलुनिन एकट्याच्या कौतुकावर थांबले नाहीत, हे मला त्यांच्या कारकिर्दीत सगळ्यांत मोलाचं वाटतं. १९८२ मध्ये त्यांनी देशभरातले सुमारे ८०० मूकनट लेनिनग्राडला गोळा केले. १९८८ मध्ये 'लित्सेदेई'ला वीस वर्षं झाली. नाटक मंडळीचं आयुष्य वीसच वर्षांचं, हे रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीचं मत मानून या मंडळींनी स्वतःचीच अंत्ययात्रा काढली आणि शवपेट्या नेवा नदीत सोडल्या. पुढच्याच वर्षी मॉस्कोहून पॅरिसला निघालेला शांततेचा काफिला, 'मीर काराव्हान', त्यांच्याच पुढाकारातून आला. निरनिराळ्या देशांच्या नाटक मंडळ्या गाड्यांतून गावोगाव खेळ करत गेल्या. बर्लिनची भिंत तेव्हा अजून उभी होती.

'स्नोशो'त हे सगळं एकवटलं आहे. त्यातला एक प्रवेश रेल्वे फलाटावरचा. खुंटीवर एक कोट अडकवलेला. असिस्याय त्याच्या एका बाहीत आपला हात घालतो आणि कोटात जीव येतो. तो याचे खांदे झटकतो, याला कवेत घेतो, हळूच खिशात चिठ्ठी सरकवतो. निरोप देणारी आणि घेणारी, दोन्ही माणसं एकच नट. पुढे ती चिठ्ठी फाटते, तिचे तुकडे बर्फ होऊन पडू लागतात, आणि बघताबघता कागदी हिमवादळ प्रेक्षागृहावर कोसळतं. दिव्यांच्या झोतात डोळे उघडे ठेवणं कठीण होतं. शेवटी प्रचंड रंगीत चेंडू लोकांच्या डोक्यांवरून फिरू लागतात आणि मोठी माणसं खुर्च्यांवर उभी राहून त्यांना टोलवत बसतात.

१९९८ मध्ये या प्रयोगाला लंडनचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या टोनी पुरस्कारासाठी नामांकन झालं. त्याआधी, १९९४ मध्ये, 'सर्क द्यु सोलेय' या कॅनडातल्या सर्कस कंपनीच्या 'अलेग्रिया' या प्रयोगातही ते होते. २०१३ ते २०१६ त्यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये फोंतांका नदीकाठच्या जुन्या दगडी सर्कशीचं कलादिग्दर्शन केलं, म्हणजे विदूषकाला जिथून बाहेर काढलं त्याच रिंगणात ते परतले. त्यांचं घर मात्र पॅरिसजवळ क्रेसी-ला-शापेल इथल्या एका जुन्या गिरणीत आहे. नाव 'पिवळी गिरणी', असिस्यायच्या पोशाखाच्या रंगाची.