प्रभूकडे परतण्याची वाट: पार्श्वभूमी

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून उपवासकाळ सुरू होतो आणि ईस्टरला, पुनरुत्थानाच्या सणाला, तो संपतो. पश्चात्ताप आणि पुनरुत्थान यांची ही सांगड चर्चला आयती मिळालेली नाही. तिच्यामागे तिसऱ्या शतकातला एक कडाक्याचा वाद आहे आणि तो वाद पेटला सरकारी दाखल्यांवरून.

249 च्या अखेरीस रोमन सम्राट डेसियसने फर्मान काढलं की, साम्राज्यातल्या रहिवाशांनी देवतांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत. बहुतेक 250 च्या जून-जुलैमधले. मजकूर ठरावीक: मी देवतांना नेहमीच बळी देत आलो आहे, आताही तुमच्या समक्ष बळी दिला, पेयार्पण केलं, प्रसाद चाखला, तरी तसं प्रमाणित करावं. खाली अधिकाऱ्यांची सही.

बळी द्यायला नकार देणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. रोमचा बिशप फेबियन 250 च्या जानेवारीत त्यात मरण पावला. पुष्कळजण तुरुंगात गेले. पण हजर होऊन बळी देणारे ख्रिस्ती लोकही थोडेथोडके नव्हते. काहींनी बळी न देताच पैसे चारून दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हीच माणसं चर्चच्या दाराशी आली आणि आत घ्या म्हणू लागली.

तोवरची समजूत कडक होती. बाप्तिस्म्यात पापं धुतली जातात. त्यानंतर श्रद्धात्याग, खून, व्यभिचार यांसारखं पाप घडलं तर फार तर एकदाच संधी, आणि काहींच्या मते तीही नाही. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन छळाच्या काळात स्वतः लपून राहिला होता. इकडे तुरुंगात टिकून राहिलेले विश्वासवीर पतितांना, म्हणजे छळात डगमगलेल्यांना, क्षमेची शिफारसपत्रं देत सुटले, तेव्हा सिप्रियन संतापला. कार्थेजच्या 251 च्या धर्मसभेत मधला मार्ग निघाला: नुसता दाखला घेतलेल्यांना प्रायश्चित्तानंतर परत घ्यावं, देवतांना बळी देणाऱ्यांना मृत्यूच्या वेळी. पुढे नव्या छळाची चाहूल लागली, तेव्हा प्रायश्चित्त करत असलेल्या सगळ्यांनाच आत घेण्यात आलं. ज्यांना प्रभुभोजनाचं (पवित्र भाकरी-द्राक्षारसाच्या विधीचं) बळ दिलं नाही त्यांना हौतात्म्यासाठी उभं कसं करणार, असं सिप्रियनचं म्हणणं होतं.

रोममध्ये मात्र फूट पडली. नवा बिशप कॉर्नेलियस दयेच्या बाजूने उभा राहिला, तर त्याला विरोध करणारा धर्मगुरू नोव्हेशियन स्वतंत्र बिशप झाला. नोव्हेशियनला निर्दय म्हणून निकालात काढणं अन्यायाचं होईल. देव क्षमा करील, पण इतक्या मोठ्या पापाची क्षमा जाहीर करण्याचा अधिकार चर्चला नाही, ही त्याची भूमिका होती, आणि प्राण देणाऱ्यांचा मान राखण्याची कळकळ तिच्यात होती. तरी कमजोर माणसाने जायचं कुठे, या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हतं.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने ते एका हकिकतीतून दिलं. युसेबियसने लिहिलेल्या चर्चच्या इतिहासात त्याचं पत्र उद्धृत केलेलं आहे. सेरापियन नावाच्या म्हाताऱ्याने बळी दिला होता. तो वारंवार क्षमा मागे, पण कुणी लक्ष देईना. मरणासन्न असताना त्याने रात्री नातवाला धर्मगुरूंकडे पिटाळलं. धर्मगुरू स्वतः आजारी. त्यांनी पवित्र भाकरीचा तुकडा मुलाच्या हाती दिला आणि तो भिजवून आजोबांच्या तोंडात घाल म्हणून सांगितलं. तुकडा गिळताच म्हाताऱ्याने प्राण सोडला. एवढ्यासाठीच देवाने त्याला राखून ठेवलं होतं, असं डायोनिसियस लिहितो. पुनरुत्थानावर भरवसा ठेवणाऱ्याला चर्चपासून ताटातुटीत मरणं किती असह्य वाटत असेल, ते इथे समजतं.

याच काळातलं, सीरियातल्या दुरा-युरोपोस गावचं घर-चर्च उत्खननात सापडलं. 256 च्या सुमारास इराणच्या सासानी फौजांनी हे गाव घेतलं. तिथल्या बाप्तिस्म्याच्या खोलीत कुंडाच्या वर मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ आहे, आणि भिंतीवर एका मोठ्या पेटीकडे निघालेल्या स्त्रिया. अनेक अभ्यासक त्यांना येशूच्या थडग्याकडे जाणाऱ्या स्त्रिया मानतात. तसं असेल तर हरवलेल्याचा शोध आणि रिकामी कबर, दोन्ही एकाच खोलीत आहेत.

325 च्या नायसिया धर्मसभेने मरणाऱ्याला प्रभुभोजन नाकारू नये, असा नियम केला. रोममध्ये प्रायश्चित्त करणाऱ्यांना ईस्टरआधीच्या गुरुवारी पुन्हा सामावून घेत. पोप पहिले इनोसंट यांच्या 416 च्या पत्रात तसा उल्लेख आहे. एकांतात आणि पुनःपुन्हा करता येणारं पापनिवेदन पुढे आयरिश मठवासीयांनी युरोपभर नेलं, आणि रोममधल्या 1215 च्या लॅटरन धर्मसभेने ते वर्षातून किमान एकदा बंधनकारक केलं.