‘बेल फेरोनिएर’ नेमकी कोणती?

पोलंडमधील क्राकूव्ह शहराच्या चार्तोरिस्की संग्रहातील लिओनार्दो दा विंचीचे ‘एर्मिन घेतलेली स्त्री’ हे चित्र निरखून पाहिले, तर वरच्या डाव्या कोपऱ्यात ‘ला बेल फेरोनिएर’ (फ्रेंचमध्ये ‘लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याची सुंदर पत्नी’) आणि त्याखाली चित्रकाराचे नाव अशी अक्षरे दिसतात. ही अक्षरे लिओनार्दोची नव्हेत. 1800च्या सुमारास हे चित्र पोलंडला आले आणि त्यानंतर कोणीतरी ती तेथे रंगवली असावीत, कारण ‘विंची’तील ‘व्ही’च्या जागी पोलिश वळणाचा ‘डब्ल्यू’ आहे. ‘ला बेल फेरोनिएर’ हे नाव खरे तर पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातील दुसऱ्या चित्राचे, आणि गंमत अशी की तेथेही ते चुकूनच चिकटलेले आहे.

गोंधळ होण्यासारखे साम्य आहे खरे. दोन्ही चित्रे मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्या दरबारात अक्रोडाच्या फळीवर रंगवलेली, आणि दोन्ही स्त्रियांच्या कपाळावरून बारीक पट्टी गेलेली आहे. मात्र पॅरिसमधील स्त्रीच्या पट्टीत मधोमध रत्न आहे, तर क्राकूव्हमधील स्त्रीची पट्टी साधी काळी असून तिच्या हातात एर्मिन, म्हणजे मुंगसाच्या चणीचा पांढराशुभ्र प्राणी, आहे.

हा प्राणीच ओळखीचा मोठा दुवा ठरला. लुदोविकोला नेपल्सच्या राजाकडून ‘एर्मिन’ या सन्मानपथकाचे सदस्यत्व मिळाले होते, आणि दरबारी कवी बेर्नार्दो बेल्लिन्चोनी त्याला ‘पांढरा एर्मिन’ म्हणत असे. याच कवीच्या एका सुनीतात लिओनार्दोने लुदोविकोची प्रेयसी चेचिलिया गाल्लेरानी हिचे चित्र काढल्याचा उल्लेख आहे. शिवाय 1498मध्ये मांतुआच्या दरबारातील कलाप्रेमी इझाबेल्ला द'एस्ते हिने व्हेनिसचा चित्रकार जोव्हान्नी बेल्लिनी याच्या चित्रांशी ताडून पाहण्यासाठी ते चित्र मागवले, तेव्हा चेचिलियाने उत्तरात कळवले की चित्र काढले त्या वेळी आपले वय फार कोवळे होते, आता आपण तशा मुळीच दिसत नाही. कविता, पत्र आणि चित्रातील खूण या तिन्ही गोष्टी एकाच व्यक्तीकडे बोट दाखवतात, त्यामुळे ही ओळख आज बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. मलाही तीत शंकेला फारशी जागा दिसत नाही.

लूव्हरमधील चित्राचे तसे नाही. ‘फेरोनिएर’ हे नाव फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याच्या एका प्रेयसीच्या दंतकथेतून आले. परंतु या राजाचा जन्म 1494चा, आणि चित्र 1490च्या दशकातले, तेव्हा ही कथा मुळातच टिकत नाही. उरतात मिलानच्या दरबारातील स्त्रिया. लुदोविकोची नंतरची प्रेयसी लुक्रेत्सिया क्रिवेल्ली हिचा पक्ष सर्वांत बळकट मानला जातो, कारण लिओनार्दोच्या ‘कोडेक्स अटलांटिकस’ या टिपणसंग्रहामध्ये ‘लुक्रेत्सिया’ हिच्या चित्रावरील लॅटिन पद्ये आहेत आणि त्यांत चित्रकार लिओनार्दो व प्रियकर ‘मोरो’, म्हणजे लुदोविको, या दोघांचाही उल्लेख येतो. पण ती पद्ये याच चित्राविषयी आहेत, असे मानायला आधार कोणता? चित्रात एर्मिनसारखी एकही खूण नाही. तांबडा पोशाख, बाह्यांवरच्या फिती, समोरचा कठडा आणि गालाच्या कडेला पडलेली तांबूस झाक एवढेच दिसते. ही झाक म्हणजे कपड्यावरून परतलेला प्रकाश असावा, आणि चित्र लिओनार्दोचेच आहे असे म्हणणाऱ्यांना ती सोयीची पडते, पण स्त्री कोण हे ती सांगत नाही.

म्हणूनच लुदोविकोची पत्नी बेआत्रिचे द'एस्ते हिचे नावही पुढे केले जाते. तिचा जान क्रिस्तोफोरो रोमानोने घडवलेला संगमरवरी अर्धपुतळा लूव्हरमध्येच आहे, त्यामुळे चेहरे ताडून पाहण्याचा मोह सहज होतो. मात्र दगडातल्या आणि रंगातल्या चेहऱ्यांचे साम्य ज्याने त्याने आपापल्या नजरेने ठरवायचे असते, म्हणून पद्यांचा पुरावा अपुरा असला तरी मी त्यालाच अधिक वजन देईन आणि लुक्रेत्सियाचे नाव प्रश्नचिन्हासह लिहीन.