युवा क्रीडाप्रशिक्षण व्यवस्थेचा टिकाऊपणा (कोकण किनारपट्टी)

शाळकरी वयातले खेळाडू हेरणे, त्यांना घडवणे आणि एक पिढी बाहेर पडली की दुसरी उभी करणे, हे काम वर्षानुवर्षे खंड न पडता चालू ठेवण्याची व्यवस्थेची क्षमता. ती सहसा पदकांवरून जोखली जाते. पदके मात्र आधीच्या दहा वर्षांच्या मेहनतीची असतात. पुढच्या दहा वर्षांचे त्यांवरून काही कळत नाही.

देशपातळीवरचा सांगाडा तसा जुना आहे. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांनंतर, १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झाले. महाराष्ट्रात १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांमुळे पुण्याला बालेवाडीचे संकुल मिळाले आणि पुढे निवासी क्रीडाप्रबोधिनी आल्या. २०१७-१८ पासूनच्या खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला ५ लाख रुपये, तेही आठ वर्षांपर्यंत, अशी तरतूद सुरुवातीला ठरली. २०२० मध्ये माजी खेळाडूंना प्रशिक्षक नेमून जिल्ह्याजिल्ह्यांत छोटी केंद्रे काढण्याचे ठरले. यातली बरीचशी मदत निवड झाल्यानंतरची. निवडीआधी पोर कोण सांभाळतो, हा कोकणातला खरा प्रश्न.

याचे उत्तर बहुतेक गावांत कबड्डी मंडळ हेच आहे. भातकापणी झाली की एखादे खाचर मोकळे होते. ढेकळे फोडायची, पाणी मारायचे, माती चोपायची, संध्याकाळी फक्कीच्या रेघा ओढायच्या आणि चार हॅलोजन टांगायचे, की मैदान तयार. खर्च वर्गणीतून निघतो आणि तिचा मोठा वाटा मुंबईच्या चाकरमान्यांचा असतो. शिकवणारा बहुधा मंडळाचाच जुना चढाईपटू, मानधनाशिवाय. किशोर गटाला १६ वर्षे आणि ५५ किलोंची मर्यादा असते; हा गट याच मातीवर तयार होतो. पण मोठ्या स्पर्धा आता मॅटवर. अनवाणी पायांना मातीची पकड ठाऊक असलेला मुलगा बूट घालून मॅटवर उतरला की पहिले काही सामने पाय सावरण्यातच जातात. तालुक्याच्या गावीसुद्धा सरावाला मॅट मिळेलच असे नाही.

वेळापत्रकही घाटावरच्या हवामानाला सोयीचे. शालेय स्पर्धांच्या तालुका आणि जिल्हा फेऱ्या बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरकडे येतात. तेव्हा कोकणात मैदानावर चिखल असतो, मुलांना आरतीचे आणि नाचाचे वेध लागलेले असतात, आणि खाचरात तर भात उभे असते. म्हणजे मंडळाचा हंगाम सुरू होण्याआधीच शाळेची निवड उरकते. त्यातून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे शालेय स्पर्धांसाठी कोल्हापूर विभागात मोडतात. देवगडच्या मुलीला विभागीय सामन्यासाठी घाट चढावा लागतो. सोबत शिक्षिका नसेल तर घरचे पाठवत नाहीत. पटसंख्या घटलेल्या शाळेत पूर्णवेळ क्रीडाशिक्षक आधीच दुर्मीळ. दहावीनंतर मुली गळतात, त्यामागे खेळाचा कंटाळा क्वचितच असतो.

पोहण्याची गोष्ट याहून विचित्र. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा भरते, धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ३५ किलोमीटरचे अंतर पोहणे हा मानाचा पराक्रम समजला जातो. तरी निवडचाचणी असते तरणतलावात. खाडीत वाढलेल्या कोळ्याच्या पोराला भिंतीशी कोलांटी घेऊन वळणे कोणी शिकवलेले नसते, आणि तिथेच त्याचे सेकंद जातात.

ही साखळी आजवर तुटली नाही, याचे श्रेय योजनांपेक्षा नोकरीला द्यावे लागेल. पोलीस, रेल्वे आणि बँकांच्या संघांत कबड्डीपटूंना जागा मिळत आल्या. राज्य शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, शिवाय दहावी-बारावीला वाढीव गुण. आईबाप पोराला रात्री नऊपर्यंत मैदानावर राहू देतात ते याच भरवशावर. मात्र नोकरी लागते ती मुंबईत किंवा पुण्यात. गेलेला खेळाडू गणपतीला आणि शिमग्याला येतो, वर्गणी देतो, दोन दिवस पोरांना चढाई दाखवतो आणि परततो. ज्या वाडीत मागे राहून शिकवणारा कोणी उरत नाही, तिथले खाचर कापणीनंतर गुरांना मोकळे सोडलेले दिसते.