दोन वायरी, एकच पाइप

परळला आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात इंटरनेटची दोन कनेक्शनं आहेत, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची. एक गेलं तर दुसरं, असा हिशेब. गेल्या पावसाळ्यात ऐन मीटिंगमध्ये दोन्ही एकदम गेली. केबलवाल्याचा मुलगा आला, जिन्यातल्या पाइपात टॉर्च मारून म्हणाला, ‘साहेब, उंदीर.’ दोन्ही वायरी एकाच पाइपातून वर आल्या होत्या. उंदराने कंपनी बघितली नव्हती.

आपण पाठवतो ते सगळं नेटवर साधारण 1500 बाइटच्या पॅकेटांत तुकडे होऊन जातं. राउटरपाशी गर्दी झाली किंवा वायफायचा सिग्नल खराब झाला, की काही पॅकेटं गहाळ होतात. पोच आली नाही की टीसीपी (पॅकेटं नीट पोचताहेत ना ते पाहणारा नेटचा नियमसंच) ते पॅकेट पुन्हा पाठवतो, आणि वेगही कमी करतो, कारण पॅकेट हरवलं म्हणजे वाटेत गर्दी आहे असं तो धरून चालतो. 1986 साली गर्दीने नेट अक्षरशः तुंबलं होतं, त्यानंतर आलेलं हे शहाणपण. वायफायवर ते अंगाशी येतं: रस्ता मोकळा, तरी ब्रेक.

मग वायफाय आणि मोबाइल डेटा एकत्र वापरले तर? मल्टिपाथ टीसीपी हेच करतं. 2013 साली त्याचं प्रायोगिक प्रमाण प्रसिद्ध झालं, त्याच वर्षी ॲपलने ते सिरी या आपल्या बोलक्या मदतनिसासाठी वापरलं. 2020पासून ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य गाभ्यात आहे. यात प्रत्येक तुकड्याला दोन क्रमांक असतात, एक त्या वाटेवरचा आणि एक सबंध मजकुरातला. त्यामुळे एका वाटेवर हरवलेला तुकडा दुसऱ्या वाटेने पाठवता येतो.

पण माल नुसता वाटून दिला तर गळती कमी होत नाही. दोन्ही वाटांवर 2 टक्के पॅकेटं हरवत असतील, तर एकूणही 2 टक्केच हरवणार. वर नवी पंचाईत. अर्धं वऱ्हाड दादरला वेळेवर उतरलं, पण मुलीचा मामा हार्बरच्या गाडीत कुर्ल्याला अडकला, की मंगलाष्टकं खोळंबतात. तसंच इथे: मजकूर क्रमाने द्यायचा असल्याने सातवं पॅकेट येईपर्यंत आठवं ते पन्नासावं नुसती बसून राहतात. दोन वाटांपैकी एक फार संथ असेल, तर कधीकधी एकटी चांगली वाट परवडते.

दुसरा मार्ग उधळपट्टीचा: प्रत्येक पॅकेट दोन्हीकडून पाठवायचं. डेटा दुप्पट जातो, पण दोन्ही प्रती हरवण्याची शक्यता 2 टक्क्यांचे 2 टक्के, म्हणजे 2500मध्ये 1. सिनेमा उतरवून घ्यायला हे वेडेपणाचं आहे. डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल असेल तर मी खुशाल करेन.

या गुणाकाराला एक अट आहे, आणि जाहिरातीत ती नसते: दोन्ही वाटा एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडल्या पाहिजेत. पश्चिम रेल्वे बंद पडली तर मध्य रेल्वेने जाता येतं, हे मुंबईकराला सांगायला नको. पण 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पश्चिम, मध्य, हार्बर, सगळ्याच ठप्प झाल्या. तिथे गुणाकार करून काय उपयोग? कारणच एक होतं.

आता दुसरं कनेक्शन मी मोबाइल डेटाचं घेतलंय. टॉवर समोरच्या गच्चीवर दिसतो. त्याची फायबर कुठल्या रस्त्याखालून येते, ते मात्र सांगायला कुणी तयार नाही.