जेसन मॅनहॅटनला गेला, पण किती वेळ?

'फ्रायडे द थर्टीन्थ' या भयपट मालिकेच्या आठव्या भागाबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: हॉकीचा मुखवटा घातलेला खुनी जेसन सिनेमाभर न्यूयॉर्कमध्ये धुमाकूळ घालतो आणि चित्रीकरणही तिथंच झालं. १९८९ साली आलेल्या या भागाच्या नावातच न्यूयॉर्कमधलं मॅनहॅटन असल्यामुळे असं वाटणं साहजिक आहे.

प्रत्यक्षात सिनेमाचा मोठा भाग जहाजावर घडतो. शाळा संपल्यावर सहलीला निघालेली मुलं आणि त्यांच्यासोबत बोटीवर चढलेला जेसन. शहर दिसायला जवळपास तासभर थांबावं लागतं. आणि त्या शहरातल्या बऱ्याचशा अंधाऱ्या गल्ल्या कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या आहेत! खऱ्या न्यूयॉर्कमध्ये थोडीच दृश्यं झाली. टाइम्स स्क्वेअरच्या झगमगाटात उभा राहिलेला, केन हॉडर या नटाने साकारलेला जेसन मात्र अस्सल, तिथलाच. माझ्या मते सिनेमातला सर्वांत जिवंत क्षण तोच.

मग नाव असं का? लेखक-दिग्दर्शक रॉब हेडन यांना खरोखरच मॅनहॅटन हवं होतं. ब्रुकलिन ब्रिज, मॅडिसन स्क्वेअर गार्डन अशा जागा त्यांच्या डोक्यात होत्या. पण निर्मितीचा खर्च आवाक्याबाहेर जाऊ लागला, तशी शहरातली दृश्यं कापली गेली आणि जहाजावरचा भाग लांबला. जाहिरात मात्र शहराचीच झाली, म्हणून फसवणुकीचा राग प्रेक्षकांच्या मनात राहिला. तो राग मला रास्त वाटतो. पण हेडन यांनी आळस केला, हा आरोप अन्यायाचा आहे.